थांबविण्याचा अखत्यार : प्रस्तावना

दोन मोठ्या कंपन्यांचे विलीनीकरण जाहीर झाले, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याचा तपशील ज्या क्रमाने छापून येतो तो क्रम आता वाचकांच्या अंगवळणी पडला आहे: आधी सौद्याची एकूण रक्कम, मग एका कंपनीच्या किती भागांमागे दुसरीचे किती भाग मिळणार याचे प्रमाण, त्यानंतर दोन्ही अध्यक्षांची हस्तांदोलन करतानाची छबी, आणि शेवटी, बहुधा आतल्या पानावर, दुहेरी खर्च टळल्यामुळे दरसाल किती बचत होईल याचा अदमास. ही जी बचत म्हणून मिरविली जाते तिच्यातील लक्षणीय हिस्सा पुष्कळदा प्रयोगशाळांच्या खर्चातून निघत असतो, आणि प्रयोगशाळेचा खर्च कमी झाला म्हणजे तेथील कोणत्या तरी शोधाचे काम थांबलेले असते. परंतु कोणते काम थांबले, ते कोणी थांबविले आणि कोणत्या विचाराने थांबविले, हे त्या वृत्तात नसते, भागधारकांना पाठविलेल्या अहवालात क्वचितच असते आणि ताळेबंदात तर असूच शकत नाही. कारण ताळेबंदाला जे घडले त्याचाच हिशेब ठाऊक, आणि जे घडू शकले असते पण घडू दिले गेले नाही त्याच्यासाठी कोणत्याही जमाखर्चात रकाना आखलेला नसतो. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हा न आखलेला रकाना आहे.

विलीनीकरणाने नवसंशोधनाला बळ मिळते की त्याचा ऱ्हास होतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या दप्तरी फार दिवस पडून आहे. जोसेफ शुंपेटर यांनी १९४२ मध्ये असा विचार मांडला, की संशोधनाचा खर्च आणि त्यातील अनिश्चितता पेलण्याचे सामर्थ्य मोठ्या, काहीशा मक्तेदार अशा उद्योगसंस्थेपाशीच असते, आणि म्हणून मोठेपणाकडे केवळ संशयाने पाहणे योग्य नव्हे. वीस वर्षांनी, १९६२ मध्ये, केनेथ ॲरो यांनी याच्या उलट बाजूने असे दाखविले, की ज्याचा बाजारावर आधीच ताबा आहे त्याचे नवे उत्पादन प्रथम त्याच्याच जुन्या नफ्याची जागा घेते, सबब नवागताच्या तुलनेने त्याला नवे काही करण्याची ओढ कमी असते. पहिला विचार सामर्थ्याचा आहे आणि दुसरा इच्छेचा. दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत, आणि म्हणूनच या दोहोंतला एक निवडून प्रत्येक सौद्याचा निवाडा करू पाहणाऱ्यांना दरवेळी आपल्या मताला पुष्टी देणारे उदाहरण मिळते. या ग्रंथाचे प्रतिपाद्य त्याहून साधे, पण माझ्या मते अधिक उपयोगी आहे: विलीनीकरणानंतर संशोधन तरते की बुडते हे नव्या संस्थेच्या आकारावर जेवढे अवलंबून असते त्याहून अधिक, चालू काम थांबविण्याचा अखत्यार कोणाच्या हाती गेला, त्याला त्या कामाची कितपत माहिती आहे, आणि ते काम थांबल्याने त्याचा स्वतःचा काही लाभ होतो काय, या तीन गोष्टींवर अवलंबून असते.

हे प्रतिपाद्य तपासण्यासाठी मी मुख्यत्वे औषधनिर्मितीचा व्यवसाय निवडला आहे, आणि त्याला कारण आहे. एखादे रसायन प्रथम प्रयोगशाळेत सिद्ध होते, मग प्राण्यांवर तपासले जाते, त्यानंतर मनुष्यांवरील चाचण्यांच्या तीन टप्प्यांतून जाते आणि सरतेशेवटी सरकारी परवान्यासाठी रुजू होते. या प्रवासास दहा वर्षे सहज लागतात, पुष्कळदा अधिक लागतात, आणि मनुष्यांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहा रसायनांपैकी जेमतेम एखादे औषधविक्रेत्याच्या फळीवर जाऊन बसते. अर्थात काम थांबविणे ही या व्यवसायात आपत्ती नसून नित्याचा कारभार आहे. उत्तम प्रयोगशाळा जेवढी कामे पुढे नेते त्याच्या कितीतरी पट थांबविते, आणि जिला वेळीच थांबता येत नाही ती दिवाळे काढते. म्हणून ‘विलीनीकरणानंतर अमुक इतके प्रकल्प बंद पडले’ एवढ्या विधानाने काहीच सिद्ध होत नाही. प्रकल्प फसला म्हणून थांबला, की त्याची पारख असलेला माणूस निघून गेला म्हणून थांबला, की कोणाच्या तरी विक्रीच्या आड येत होता म्हणून थांबविला गेला, हा भेद करता आला तरच चर्चेला अर्थ येतो. आणि हा भेद ज्या व्यवसायात चाचण्यांच्या नोंदींमुळे काही अंशी तरी करता येतो तो हा व्यवसाय आहे.

या विषयाचा एक धागा आपल्या मुंबईतच सापडतो. जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीने मुलुंड येथे एक संशोधन केंद्र चालविले होते, आणि तेथील रसायनशास्त्रज्ञ आयुर्वेदातील व लोकव्यवहारातील वनस्पती एकामागून एक घेऊन त्यांच्या अर्कांची पद्धतशीर तपासणी करीत असत. गुजरातेत आणि आपल्याकडेही ज्याच्या मुळांचे लोणचे घालतात त्या माईनमुळ्याचा अर्क या तपासणीत आला, त्याने रक्तदाब उतरतो आणि हृदयाच्या आकुंचनाला जोर येतो असे आढळले, आणि सत्तरीच्या दशकात त्यातून फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पेशीच्या पृष्ठभागावर आलेला संदेश आत पोहोचविण्याच्या व्यवस्थेत जे विकर मध्यवर्ती आहे त्याला हे द्रव्य थेट चालना देते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दाखविल्यावर जगभरच्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळांत फोर्स्कोलिनची बाटली ही नित्याच्या उपयोगाची वस्तू होऊन बसली. याच केंद्रात पश्चिम घाटात वाढणाऱ्या एका वृक्षापासून रोहितुकिन हे दुसरे द्रव्य मिळविण्यात आले, आणि त्याच्या रचनेत फेरफार करून फ्लेव्होपिरिडॉल तयार झाले. पेशींच्या विभाजनाचे नियंत्रण करणाऱ्या विकरांना अटकाव करणारी जी औषधे पुढे कर्करोगावर आली, त्या कुळातील मनुष्यांवर तपासले गेलेले हे पहिले रसायन.

येथून पुढची हकिकत मालकीच्या फेरफारांची आहे. १९९५ मध्ये हेक्स्टने अमेरिकेतील मॅरियन मेरेल डाऊ ही कंपनी सात अब्ज डॉलरांहून अधिक किंमत देऊन घेतली आणि आपल्या औषधविभागाचे नाव बदलले. १९९८ मध्ये मुलुंडचे केंद्र निकोलस पिरामल या भारतीय कंपनीच्या हवाली झाले. १९९९ मध्ये हेक्स्ट फ्रान्सच्या रोन-पूलांकशी मिळून अव्हेन्टिस झाली. आणि २००४ मध्ये अव्हेन्टिस सानोफीच्या पोटात गेली. या सगळ्या काळात फ्लेव्होपिरिडॉल रुग्णांवर तपासले जात होते. आरंभीच्या चाचण्यांत ते शिरेवाटे एक ते तीन दिवस संथपणे दिले गेले आणि त्याचा गुण जवळजवळ दिसला नाही. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठातील वैद्यांनी अशी युक्ती काढली, की मनुष्याच्या रक्तातील प्रथिने हे औषध फार मोठ्या प्रमाणात बांधून ठेवतात, तेव्हा मात्रेचा पहिला भाग अर्ध्या तासात आणि उरलेला चार तासांत द्यावा, आणि अशा रीतीने दिल्यावर एका जातीच्या रक्तकर्करोगाच्या, अन्य उपाय थकलेल्या रुग्णांतही त्याचा परिणाम दिसून आला. तरीही सानोफीने ते सोडले, एका छोट्या अमेरिकी कंपनीने घेतले, ती कंपनी जपानच्या सुमितोमोने विकत घेतली, आणि इतक्या हातांतून जाऊनही ते अद्याप औषधांच्या दुकानापर्यंत आलेले नाही.

या अपयशाचा दोष केवळ मालकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ते औषध मुळातच जहाल होते, अर्बुदाच्या पेशी एकदम फुटल्याने रुग्णाच्या जिवाला धोका होई, आणि स्थिर मालकाच्या हातीही ते कदाचित फसलेच असते. परंतु एक गोष्ट निःसंशय दिसते: ज्या माणसांनी ते रसायन घडविले, ती माणसे एका मालकाकडे आणि रसायनाचे हक्क दुसऱ्याकडे अशी फाळणी मध्येच होऊन गेली होती, आणि पुढे चालू ठेवण्याचा वा सोडण्याचा प्रत्येक निर्णय ज्यांच्या टेबलावर आला त्यांच्यापैकी कोणीही तो शोध आरंभलेला नव्हता. खरेदीखतात विहीर लिहून देता येते, झरा लिहून देता येत नाही. उलट पक्षी, १९९८ च्या विक्रीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जर्मन मालकाला नकोशा झालेल्या केंद्राला भारतीय मालकाने ठेवून घेतले, नव्या औषधांच्या शोधाची उमेद धरली, आणि फ्लेव्होपिरिडॉलच्याच धर्तीचे एक नवे रसायन मनुष्यांवरील चाचण्यांपर्यंत नेले. अधिग्रहणाने प्रयोगशाळा वाचते याचे याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही. पुढे या मालकाने २०१० मध्ये आपला देशांतर्गत औषधविक्रीचा व्यवसाय ॲबट कंपनीला ३.७२ अब्ज डॉलरांना विकला, त्याच्या उद्योगाची घडी बदलली, आणि २०१४ मध्ये नव्या रसायनांच्या शोधाचे काम गुंडाळण्यात आले. मालक देशी की परदेशी या प्रश्नाचा आपल्याकडे जो बडिवार माजविला जातो त्याने या हकिकतीवर फारसा उजेड पडत नाही. दोन्ही वेळा निर्णय प्रयोगशाळेच्या बाहेर, उद्योगाच्या एकंदर आखणीवरून झाला.

याहून ठळक उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावचे आहे. तेथील पार्क-डेव्हिसच्या प्रयोगशाळेत ब्रूस रॉथ यांनी १९८५ मध्ये ॲटोरव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरविणारे द्रव्य सिद्ध केले. तेच पुढे लिपिटॉर या नावाने बाजारात आले आणि जगातील सर्वाधिक खपाचे औषध ठरले. पार्क-डेव्हिसची मालक वॉर्नर-लॅम्बर्ट. लिपिटॉरच्या विक्रीत तिची भागीदार फायझर. आणि वॉर्नर-लॅम्बर्ट दुसऱ्याच कंपनीशी सोयरीक ठरवीत असल्याचे दिसताच फायझरने मध्ये पडून २००० साली सुमारे नव्वद अब्ज डॉलरांच्या सौद्याने ती ताब्यात घेतली. लिपिटॉरची वार्षिक विक्री बारा अब्ज डॉलरांच्या वर गेली, म्हणजे सौद्याचा उघड हेतू पुरेपूर साधला. मात्र त्याचा वारस म्हणून फायझरने ज्या औषधावर भिस्त ठेवली होती ते डिसेंबर २००६ मध्ये चाचणीतील रुग्णांच्या मृत्यूंमुळे सोडून द्यावे लागले, आणि जानेवारी २००७ मध्ये खर्चकपातीच्या फर्मानात ॲन आर्बरच्या प्रयोगशाळेचे नाव आले. दोन हजारांहून अधिक माणसांची ती वसाहत उठली, आणि १७४ एकरांची ती जागा पुढे २००९ मध्ये मिशिगन विद्यापीठाने विकत घेतली. व्हायग्रा जेथे जन्मले त्या इंग्लंडमधील सँडविच या गावच्या फायझरच्याच प्रयोगशाळेवर हीच पाळी २०११ मध्ये, वाएथ कंपनीच्या खरेदीनंतर दीड वर्षाच्या आत आली. फायझरच्या संशोधनविभागाचे माजी प्रमुख जॉन लामॅटिना यांनी त्याच वर्षी विलीनीकरणांच्या संशोधनावरील दुष्परिणामांविषयी जाहीरपणे लेख लिहिला, याला मी विशेष महत्त्व देतो. कारण हा आक्षेप बाहेरच्या टीकाकाराचा नसून, ज्याने ती सूत्रे स्वतः हाताळली होती त्याचा आहे.

आतापर्यंतच्या उदाहरणांत काम थांबले ते पारख किंवा धीर सुटल्यामुळे. थांबविण्यातच लाभ असल्याची प्रकरणे निराळी आहेत आणि त्यांचा विचार कठोरपणे केला पाहिजे. अर्भकांना येणाऱ्या एका प्रकारच्या झटक्यांवर अमेरिकेत वापरले जाणारे ॲक्थर हे इंजेक्शन २००१ मध्ये क्वेस्टकोर कंपनीकडे आले तेव्हा एका कुपीला सुमारे चाळीस डॉलर पडत. पुढे तो भाव चौतीस हजार डॉलरांच्या वर गेला. त्याच गुणाचे, पण कृत्रिम रीतीने बनविलेले सिनॅक्थेन हे औषध युरोपात जुन्या काळापासून विकले जात होते, आणि ते अमेरिकेत आणण्यासाठी अन्य कंपन्या हक्क मिळविण्याच्या खटपटीत असताना २०१३ मध्ये क्वेस्टकोरनेच नोव्हार्टिसकडून त्याचे अमेरिकेपुरते हक्क घेऊन टाकले. प्रतिस्पर्धी बाजारात येऊ नये एवढ्यासाठीच ही खरेदी झाली, असा आरोप तेथील व्यापार आयोगाने ठेवला, आणि जानेवारी २०१७ मध्ये दहा कोटी डॉलर भरून व सिनॅक्थेनचे हक्क दुसऱ्या कंपनीला देण्याचे कबूल करून मामला तडजोडीने मिटविण्यात आला. हे प्रकरण अपवादात्मक आहे काय, याची छाननी कनिंगहॅम, एडरर आणि मा या तीन अभ्यासकांनी अमेरिकेतील हजारो औषधप्रकल्पांच्या नोंदींवरून केली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असा निष्कर्ष काढला, की औषधव्यवसायातील सुमारे पाच ते सात टक्के अधिग्रहणे ही उदयोन्मुख प्रतिस्पर्धी मारण्यासाठी झालेली असतात; शिवाय अशा सौद्यांची रक्कम सरकारला वर्दी देण्याच्या मर्यादेच्या किंचित खाली राहील अशी बेतलेली अधिक प्रमाणात आढळते. हे प्रमाण लहान वाटेल. परंतु ज्या रोगावर मुळात दोनच उपाय वाटेवर आहेत, त्या रोगाच्या रुग्णाला या टक्केवारीने समाधान मिळण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजू. स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीने १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील जेनेन्टेकचा बहुसंख्य हिस्सा घेतला, पण तिचे नाव आणि तिच्या प्रयोगशाळेची मुखत्यारी यांना हात लावला नाही. पुढील पंधरा वर्षांत हर्सेप्टिन आणि अव्हास्टिन ही कर्करोगावरील औषधे तेथूनच बाहेर पडली. २००९ मध्ये सुमारे ४६.८ अब्ज डॉलर देऊन उरलेला हिस्साही घेतला तेव्हा विक्री आणि उत्पादन यांची खाती एकत्र झाली, परंतु जेनेन्टेकचा आरंभीच्या संशोधनाचा विभाग रोशच्या स्वतःच्या संशोधनविभागात न मिसळता वेगळा ठेवण्यात आला. पैसा बासेलचा आणि निवड सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या शास्त्रज्ञांची, अशी ही वाटणी होती. शुंपेटरच्या सामर्थ्याचा लाभ घेत असताना ॲरोच्या आक्षेपाला वाव न देण्याची ही एक व्यवहार्य तजवीज मानता येईल. शिवाय हेही विसरता कामा नये, की लहान कंपन्यांत भांडवल घालणारे पुष्कळदा पुढेमागे कोणीतरी मोठा खरेदीदार मिळेल या आशेनेच घालतात. सरसकट सर्व अधिग्रहणांवर बंदी घातली तर मारली जाणारी रोपे वाचतील, पण पेरणीच कमी होईल.

मग कायद्याने काय करावे? युरोपीय आयोगाने मार्च २०१७ मध्ये डाऊ आणि ड्यूपाँट यांच्या विलीनीकरणास मंजुरी देताना जी अट घातली ती या दृष्टीने मननीय आहे. कीटकनाशकांच्या शोधाचे काम सबंध जगात मूठभर कंपन्याच करतात, त्यांतील दोन एक झाल्या तर बाजारातील आजची स्पर्धाच नव्हे तर उद्याचे शोधही घटतील, असे धरून आयोगाने ड्यूपाँटचा कीटकनाशकांचा बराचसा व्यवसाय त्याच्या संशोधनसंघटनेसह विकावयास लावला, आणि तो एफएमसी कंपनीने घेतला. उसाच्या वा तुरीच्या अळीवर कोराजन फवारणाऱ्या आपल्या शेतकऱ्याच्या हातातील बाटलीवर ड्यूपाँटऐवजी एफएमसीचे नाव दिसू लागले ते या अटीमुळे. आयोगाने केवळ एकस्वे आणि कारखाने विकावयास लावले नाहीत, प्रयोगशाळा आणि तेथील माणसे एकत्र विकावयास लावली, हे त्यातले मर्म आहे. आपल्याकडे २००२ च्या स्पर्धा अधिनियमाच्या कलम २० मध्ये विलीनीकरणाची छाननी करताना नवसंशोधनाचे स्वरूप आणि व्याप्ती विचारात घ्यावी असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि १ जून २०११ पासून ही छाननी अंमलात आली. तथापि २०१४ मध्ये सन फार्माने रॅनबॅक्सी घेण्याचे ठरविले तेव्हा स्पर्धा आयोगाने घातलेल्या अटींचा भर सात विक्रीयोग्य औषधे वेगळी करण्यावर होता. उलाढाल नगण्य पण किंमत मोठी अशा कंपन्यांचे सौदे नजरेतून सुटू नयेत म्हणून २०२३ च्या दुरुस्तीने दोन हजार कोटी रुपयांवरील सौद्यांची वर्दी, भारतात पुरेसा कारभार असल्यास, बंधनकारक केली आणि ती तरतूद सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. कायद्यात शब्द आहेत. त्यांना सरावाची धार अद्याप यावयाची आहे.

ग्रंथाची मांडणी वरील विवेचनाच्या क्रमानेच केली आहे. पहिल्या भागात औषधाचा शोध कसा चालतो आणि त्यात थांबविण्याचे निर्णय कोणत्या टप्प्यावर कोण घेते याचे विवरण आहे. औषधशास्त्राशी परिचय नसलेल्या वाचकाने हा भाग वगळू नये, कारण पुढील सर्व चर्चा त्यावर उभी आहे. दुसऱ्या भागात वर ओझरती आलेली प्रकरणे, आणि त्यांच्या जोडीला आणखी काही, सविस्तर घेतली आहेत. तिसऱ्या भागात विविध देशांतील कायद्यांचा तुलनात्मक विचार आहे. एक मर्यादा आधीच नमूद करतो: १९७० चा एकस्व अधिनियम, औषधांच्या किमतींवरील नियंत्रण, २००५ नंतर पुन्हा आलेली उत्पादन-एकस्वे, या सर्वांचा भारतातील संशोधनावर खोल परिणाम झाला आहे, आणि एखादी प्रयोगशाळा बंद पडली तर तिचे सारे श्रेय वा अपश्रेय विलीनीकरणाच्या खाती टाकता येत नाही. जेथे कारणे एकमेकांत गुंतली आहेत तेथे ती गुंतलेलीच दाखविली आहेत.

हे लेखन ज्यांच्यासाठी आहे त्यांत अर्थशास्त्राचे विद्यार्थी आणि कायद्याचे अभ्यासक आहेतच; पण त्यांच्याहून अधिक मला अपेक्षा आहे ती सामान्य भागधारकाकडून आणि प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या शास्त्रज्ञाकडून, कारण विलीनीकरणाच्या ठरावावर मत देण्याचा अधिकार पहिल्याला आहे आणि त्याचे परिणाम भोगण्याची पाळी दुसऱ्यावर येते. सौद्याच्या मसुद्यात बचतीचा आकडा असतो तसाच, चालू प्रकल्पांची यादी, ती यादी पुढे कोण तपासणार, किती मुदतीपर्यंत ती बदलली जाणार नाही, आणि सोडून दिलेले काम इतरांना घेऊ दिले जाईल की कुलपात राहील, याचाही तपशील मागता येतो. तो मागितला गेला नाही तर दिला जात नाही, एवढेच. आणि हा तपशील मंजुरीपूर्वीच मागितला पाहिजे. मंजुरीनंतर वर्षभराने चौकशी केली तर दस्तऐवज सगळे मिळतात, पण ते वाचून दाखवील असा माणूस बहुधा कंपनीत राहिलेला नसतो.